नॉर्टन मँक्स : तीन घरं सोडून, लाकडी शेडमध्ये

बर्मिंगहॅमचा_बाळ्या | रविवार, रात्री ११:४०

गेली अडीच वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी मी कुठे गायब होतो, हे बायकोला पटवून झालंय. आता तुमच्यापुढे कबुली.

आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एक आजोबा राहतात. वय ८१, निवृत्त टूलमेकर. कानाला यंत्र आहे, पण हाताला कंप नाही. त्यांच्या परसातल्या लाकडी शेडमध्ये नॉर्टन मँक्स नावाची एक जुनी रेसची मोटरसायकल खोक्यांत भरून पडली होती. खोक्यांत म्हणजे अक्षरशः खोक्यांत: बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बेव्हल गिअर, जुन्या उशीच्या अभ्र्यात कनेक्टिंग रॉड, आणि फ्रेम छताला दोरीने टांगलेली, वाळत घातलेल्या धोतरासारखी. परवा एका बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर ती गाडी सुरू झाली. मी ढकलत होतो. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉर्टन ही बर्मिंगहॅमची कंपनी, १८९८ सालची. कारखाना ब्रेसब्रिज स्ट्रीटवर, आमच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर (आता तिथे बघण्यासारखं काही नाही, मी जाऊन आलोय). मँक्स म्हणजे आइल ऑफ मॅन बेटावरचा, तिथला. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीने आपल्या रेसच्या गाडीला हे नाव दिलं, आणि १९६२ पर्यंत ती बनत राहिली. ३५० आणि ५०० अशा दोन मापांत, एकच सिलिंडर. गंमत अशी की ही दुकानात पैसे मोजून मिळणारी रेसची गाडी होती. दिवा नाही, हॉर्न नाही, किक नाही, बॅटरी नाही. कोणी खाटकाने किंवा गॅरेजवाल्याने घ्यायची, व्हॅनमध्ये टाकायची आणि रविवारी शर्यतीला जायचं. पन्नाशीच्या दशकात ग्रां प्रीच्या रांगेत उभ्या असलेल्या ५०० सीसी गाड्यांत मँक्सचाच भरणा असे.

आता आमच्या गाडीची कुंडली. फ्रेम १९५३ची. इंजिन १९५२चं. म्हणजे ही दोघं जन्मतः एकमेकांची नव्हेत. याचं कारण मोठं मजेशीर आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये ५०० सीसी इंजिनाच्या चिमुकल्या रेसिंग मोटारींचं वेड होतं, त्यालाच पुढे फॉर्म्युला ३ म्हणू लागले. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, चाकाला चेनने जोडलेलं. त्यासाठी सगळ्यात चांगलं इंजिन मँक्सचं, आणि नॉर्टन नुसतं इंजिन विकायची नाही. मग लोक अख्खी मोटरसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढून मोटारीत घालायचे आणि उरलेला सांगाडा स्वस्तात फुंकून टाकायचे. पुढे जगप्रसिद्ध झालेला मोटार-रेसर स्टर्लिंग मॉससुद्धा तरुणपणी नॉर्टनचं इंजिन बसवलेल्या अशा मोटारी पळवायचा.

सांगाडे काही वाया गेले नाहीत. पोरांनी त्यांत ट्रायम्फची दोन सिलिंडरची इंजिनं बसवली. ट्रायम्फ आणि नॉर्टन मिळून 'ट्रायटन'. आमची फ्रेम अशीच ट्रायटन होऊन अनेक वर्षं कॅफेसमोर उभी राहिलेली आहे. आणि इंजिन एका मोटारीतून निघालेलं. म्हणजे एकाच उद्योगाची दोन पोरकी पोरं, सत्तर वर्षांनी एका शेडमध्ये आली.

फोटो उद्या टाकतो. विचारा काय विचारायचं ते.

---

सदाशिवपेठी_सायलेन्सर | रविवार, रात्री ११:५८

पहिला! वाचनखूण साठवली आहे. फोटोशिवाय धागा म्हणजे फोडणीशिवाय वरण, तेव्हा उद्या म्हणजे उद्याच.

एक प्रश्न. ब्रिटिश गाडी म्हणजे तेल गळणारच असं आमच्या येझदी रोडकिंगच्या मेस्त्रीचं मत होतं (रोडकिंगही गळायची, पण ते सोडा). मँक्स गळते का?

---

बर्मिंगहॅमचा_बाळ्या | सोमवार, सकाळी ७:१०

गळते? अहो, पाझरते, ठिबकते, उडते, सगळं करते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हेअरपिन पद्धतीच्या, म्हणजे केसांच्या आकड्यासारख्या, आणि त्या चक्क उघड्या, हवेवर. कारण उघड्या राहिल्या की थंड राहतात. वर दोन कॅमशाफ्ट, त्यांना फिरवणारी गिअरची माळ, त्या सगळ्याला तेल पाहिजे, आणि ते तेल मग वाट मिळेल तिकडे जातं. रेस संपल्यावर स्वाराचा उजवा बूट तेलाने न्हालेला नसेल तर लोक काळजीत पडत असतील.

आणि तेल कुठलं? एरंडेल. हो, तेच.

---

लेथवाला | सोमवार, सकाळी ८:३२

चेष्टा करता काय? आम्हाला महिन्यातून एकदा रविवारी सकाळी आई सुंठीच्या काढ्यातून द्यायची. त्यानंतरचा रविवार कसा जायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

---

बर्मिंगहॅमचा_बाळ्या | सोमवार, दुपारी १:०५

काका, चेष्टा नाही. कॅस्ट्रॉल हे नावच मुळी कॅस्टर ऑइलवरून आलेलं आहे. वेकफिल्ड कंपनीने १९०९ साली ते नाव काढलं. एरंडेलाचा गुण असा की तापलेल्या धातूला ते चिकटून राहतं, कितीही दाब आला तरी थर फाटत नाही. त्या काळच्या खनिज तेलांना ते जमत नव्हतं. जळालं की जो गोडसर, काहीसा उग्र वास सुटतो, त्यासाठी इकडची सत्तरीची माणसं अजून जीव टाकतात. आजोबांच्या शेडमध्ये पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मला आजी आठवली, चमचा घेऊन मागे धावणारी.

पण अवगुणही तेवढेच. गाडी उभी ठेवली की ते चिकट होतं, मग राळेसारखं घट्ट बसतं. म्हणून रेस झाली की गरम असतानाच काढून टाकायचं. आणि साध्या इंजिन ऑइलमध्ये ते मिसळत नाही. इथेच मी शेण खाल्लं. बांधणी पूर्ण झाल्यावर टाकी आणि नळ्या 'साफ' कराव्यात म्हणून मी साधं तेल फिरवलं, काढलं, आणि वरून एरंडेल ओतलं. तळाशी साधं तेल थोडं राहिलं होतं. आठवड्याने उघडून पाहतो तर फाटलेल्या ताकासारखा लगदा. आजोबा ओरडले नाहीत. कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि तासभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. इंजिन पुन्हा उघडलं. सहा गुरुवार गेले.

---

शंकासुर | सोमवार, दुपारी ३:४७

लेख रंजक आहे, कष्टांबद्दल आदर आहे. तरी एक खडा टाकतोच. फ्रेम एका गाडीची, इंजिन दुसऱ्या गाडीचं. नंबर जुळत नाहीत. मग हिला 'नॉर्टन मँक्स, १९५३' म्हणायचं कशाच्या जोरावर? लिलावात नंबर जुळणाऱ्या गाडीला जो भाव येतो तो हिला येणार नाही. मला ही जीर्णोद्धार केलेली गाडी नाही तर जुळवाजुळव वाटते. स्पष्ट बोललो, राग नसावा.

---

सदाशिवपेठी_सायलेन्सर | सोमवार, दुपारी ४:०२

आला, आला, खडा आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

गौरी_नाशिक | सोमवार, संध्याकाळी ६:२०

मला मोटरसायकलमधलं ओ की ठो कळत नाही, नवऱ्याने धागा दाखवला म्हणून वाचतेय. पण शंकासुरांना एक विचारते. माझ्या आजीची पैठणी अंगात विरली होती. आईने तिचे काठ आणि पदर उसवून नव्या रेशमाला लावून घेतले. आता ती मी नेसते. घरात तिला सगळे आजीचीच पैठणी म्हणतात. तुम्ही काय म्हणाल?

आणि ते 'फेदरबेड' प्रकरण काय आहे? नवरा सारखं म्हणतोय की मुख्य गोष्ट तीच, आणि धागालेखकाने ती सांगितलीच नाही.

---

शंकासुर | सोमवार, संध्याकाळी ६:४१

गौरीताई, पैठणी म्हणेन, पण विकताना 'जुनी पैठणी' म्हणून विकू नका एवढंच म्हणेन.

---

बर्मिंगहॅमचा_बाळ्या | सोमवार, रात्री १०:५५

शंकासुर, राग अजिबात नाही, उत्तर देतो. आधी गौरीताईंना, कारण त्यांचे यजमान बरोबर बोलतायत.

युद्धानंतरच्या मँक्सची जुनी फ्रेम लोकांत 'गार्डन गेट', म्हणजे बागेचं फाटक, या नावाने ओळखली जायची. दिसायचीही तशीच. मागच्या चाकाला प्लंजर सस्पेन्शन, म्हणजे चाकाचा आस दोन्ही बाजूंच्या उभ्या स्प्रिंगांवर वर-खाली सरकणारा. इंजिन जबरदस्त, पण खडबडीत रस्त्यावर गाडी अंग टाकायची, आणि फ्रेमला तडे जायचे. समोर इटलीची चार सिलिंडरची गिलेरा, ताकदीत कितीतरी पुढे. नॉर्टनचा रेस विभाग चालवायचा जो क्रेग, उत्तर आयर्लंडचा कडक माणूस. त्याची रीत अशी की दर हिवाळ्यात त्याच एका सिलिंडरमधून आणखी दोन घोडे पिळून काढायचे. पण पिळून पिळून किती काढणार?

तेव्हा बेलफास्टहून रेक्स मॅककँडलेस नावाचा माणूस आला. इंजिनिअरिंगची पदवी वगैरे काही नाही, स्वतःच्या हाताने शिकलेला. त्याने आणि त्याच्या भावाने एक फ्रेम बनवली. कल्पना इतकी साधी की आजोबांनी मला ती दोन तारा वाकवून दाखवली. दोन लांब नळ्या. प्रत्येक नळी इंजिनाला खालून-वरून वेढा घालून परत हँडलच्या मानेपाशी येते आणि तिथे दोन्ही नळ्या एकमेकींना ओलांडतात. बस. मागे स्विंगआर्म आणि दोन शॉकॲब्सॉर्बर. आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचं मागचं चाक ज्या पद्धतीने बसवलेलं असतं, तीच पद्धत. १९५०च्या सुरुवातीला फ्रान्समध्ये माँलेरीच्या ट्रॅकवर ती तपासली. हॅरॉल्ड डॅनियल हा नॉर्टनचा जुना स्वार. जाड भिंगांचा चष्मा लावायचा. युद्धात लष्कराने नजर अधू म्हणून त्याला मोटरसायकलवरचा निरोप्या व्हायलाही नाकारलं होतं असं सांगतात, आणि याच गड्याने १९३८ साली आइल ऑफ मॅनच्या रस्त्यावर केलेला फेरीचा विक्रम पुढे बारा वर्षं कोणाला मोडता आला नव्हता. तो या नव्या फ्रेमवर बसून आला आणि म्हणाला, पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं. तेच नाव पडलं: फेदरबेड. आपल्याकडे असता तर सावरीची गादी म्हणाला असता.

१९५०च्या जूनमध्ये आइल ऑफ मॅन टीटी. हे काय ठिकाण आहे ते थोडं सांगायला हवं. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद करायला कायद्याने परवानगी नव्हती, म्हणून १९०७पासून ही शर्यत त्या बेटावर होते. बेटाचा कायदा वेगळा. डोंगरावरून जाणारी एक फेरी ६० किलोमीटरहून थोडी जास्त. गावातले रस्ते, दगडी भिंती, चर्च, दारूचे गुत्ते, मेंढ्यांचं कुरण, मध्येच धुकं. त्या वर्षी ज्युनिअर शर्यतीत, म्हणजे ३५०मध्ये, पहिले तिन्ही नॉर्टन. सीनिअरमध्ये, म्हणजे ५००मध्ये, पुन्हा पहिले तिन्ही नॉर्टन. सीनिअर जिंकली जेफ ड्यूकने, ताशी सरासरी ९२.२७ मैलांनी, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर. डॅनियलचा तो बारा वर्षांचा विक्रमही त्याच दिवशी मोडला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद मात्र टायर फाटल्यामुळे एका गुणाने गेलं. पुढच्या वर्षी ड्यूकने ३५० आणि ५०० दोन्ही जिंकली. ५००चं जगज्जेतेपद एका सिलिंडरच्या गाडीने जिंकण्याची ती शेवटची वेळ.

म्हणजे ताकद कमी असताना नुसत्या सांगाड्याच्या जोरावर दोन वर्षं मोठ्यांना पाणी पाजलं. मला या गाडीबद्दल जे काही वाटतं त्यातलं निम्मं तिथे आहे.

आता शंकासुर. नॉर्टनची टीटीमधली पहिली जीत १९०७ची, पहिल्याच वर्षीची. रेम फाउलर नावाच्या गड्याने दोन सिलिंडरचा गट जिंकला. त्या नॉर्टनमधलं इंजिन कोणाचं होतं? प्युजोचं, फ्रान्सचं. तेव्हा दुसऱ्याचं इंजिन घालून पळणं हा या घराण्याचा मूळ पुरुषापासूनचा कुळाचार आहे. आणि रेसच्या गाडीचं इंजिन एका हंगामात दोनदा तरी उघडायचंच. क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) फुटलं की दुसरं, हेड गेलं की दुसरं. नंबर सांभाळत बसायला ती काही सातबारा नव्हे.

भावाचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के खरं. ही कमी पैशांत जाईल. आजोबांना ते माहीत आहे. इंजिनावर नवा नंबर ठोकून जुळवून घेता येतं, आणि तसं करणारे आहेत. त्यांनी नाही केलं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मग मोटारीत काढलेली वर्षं कुठे लिहू?"

---

शंकासुर | सोमवार, रात्री ११:१९

हे आवडलं. खोटा नंबर ठोकलेला नाही हे महत्त्वाचं. माझा आक्षेप निम्मा मागे. उरलेला निम्मा तत्त्व म्हणून ठेवतो.

---

लेथवाला | मंगळवार, सकाळी ६:५०

मी भोसरीला चाळीस वर्षं टर्नर-फिटर म्हणून घासली. मला इतिहास नको, काम सांगा. चासी कशी सरळ केली? झाळ कसली होती? बेव्हलचं सेटिंग कसं घेतलं? किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवलं?

---

बर्मिंगहॅमचा_बाळ्या | मंगळवार, रात्री ११:३०

काका, तुमच्यासारखे विचारणारे असले की लिहायला हुरूप येतो.

फ्रेमची नळी रेनॉल्ड्स ५३१, म्हणजे मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद, पातळ पण चिवट. नॉर्टनच्या कारखान्यात ही फ्रेम जोडायची सोयच नव्हती, म्हणून रेनॉल्ड्स कंपनीतच ती बनायची. जोड वितळवून केलेले नाहीत, काशाच्या झाळेचे आहेत. कारण ही नळी जास्त तापली की जोडाशेजारी ठिसूळ होते. आता ट्रायटन करताना कोण्या महाभागाने ट्रायम्फचं इंजिन धरायला चार कान आर्क वेल्डिंगने चिकटवले होते. ते घासून काढले तर एकाच्या बुडाशी केसाएवढा तडा. त्याआधी दुसऱ्याच कोणी तरी फ्रेमला पावडर कोटिंग करून दिलं होतं, जाड, चकचकीत, साबुदाण्याच्या पापडासारखं. त्याखाली तो तडा सुखाने झोपला होता. आम्ही रंग उतरवला नसता तर तो धावपट्टीवर जागा झाला असता. तेवढा तुकडा कापून आत नळीची बाही घालून पुन्हा काशाने झाळला. ते काम आजोबांनी मला करू दिलं नाही, फक्त बघू दिलं.

क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. हलकं, पण ओल लागली की पांढरी भुकटी धरतं. आमचं एका बाजूने पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसत होतं. एका ठिकाणी खड्डा इतका खोल की बोट बसेल. भरून, घासून, बेअरिंगची घरं पुन्हा बोअर करून घेतली.

आता बेव्हल. बाकीच्या वाचकांसाठी: बुलेटमध्ये खाली कॅम असतात आणि लांब काड्या वरचे व्हॉल्व्ह ढकलतात. काड्या वेगात लवतात, उडतात. मँक्समध्ये काड्याच नाहीत. क्रँकच्या टोकाला एक शंकूसारखा गिअर, तो एका उभ्या दांड्याला फिरवतो, दांडा वर जाऊन दुसऱ्या शंकू-गिअरला, तिथून सरळ दातांच्या गिअरची रांग आणि दोन कॅम. इंजिनाच्या उजव्या बाजूला जो उभा नळकांडा दिसतो तो याचा. आता हे दोन शंकू-गिअर एकमेकांत किती खोल शिरायचे ते शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून ठरवायचं. कमी शिरले तर खडखडाट, जास्त शिरले तर दात खाणार. आजोबांची पद्धत: दातांना निळा रंग लावायचा, हाताने फिरवायचं, ठसा कुठे उमटतो ते बघायचं, उघडायचं, दोन थाऊची शिम काढायची, पुन्हा. खालची जोडी एका गुरुवारी झाली. वरच्या जोडीला नऊ गुरुवार. कारण सिलिंडरच्या बुडाखालची पॅकिंग बदलली की वरचं सगळं गणित बदलतं. मी सातव्या गुरुवारी म्हटलं, चालेल आता. ते म्हणाले, तुला चालेल, तिला चालणार नाही.

इंजिन जुन्या मापाचं, लांब स्ट्रोकचं. १९५४पासून बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) जवळजवळ सारखे केले, ८६ बाय ८५.६ मिलिमीटर. त्या नंतरच्या गाड्या पन्नासेक घोड्यांपर्यंत गेल्या. आमची त्यापेक्षा गरीब आहे.

---

सदाशिवपेठी_सायलेन्सर | मंगळवार, रात्री ११:५२

आणि सुरू झाली तो प्रसंग? त्याला एका वाक्यात गुंडाळलंत. हा अन्याय आहे. फोटोही आलेले नाहीत, ही नोंद घ्यावी.

---

बर्मिंगहॅमचा_बाळ्या | बुधवार, सकाळी ७:२५

फोटो आजोबांच्या जावयाच्या फोनमध्ये आहेत आणि जावई स्पेनला गेलेत. माझे हात रिकामे नव्हते हो, मी ढकलत होतो.

किक नसल्याने धावत सुरू करायची. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून गाडी मागे ओढायची, पिस्टन कॉम्प्रेशनवर येऊन अडेपर्यंत. मग क्लच दाबायचा आणि धावायचं. आठ-दहा पावलं, उडी मारून सीटवर एका बाजूने बसायचं, बुलेटवर मागे साडी नेसलेल्या काकू बसतात तसं, आणि त्याच क्षणी क्लच सोडायचा. पहिल्या तीन वेळा फक्त फुस्स. आजोबा ८१ वर्षांचे, ते सीटवर, धावण्याचं काम माझ्याकडे आणि जावयाकडे. चौथ्यांदा एक ठोका पडला. नंतर लगेच दुसरा नाही, मध्ये एवढी जागा गेली की वाटलं संपलं. आणि मग सगळे एकदम आले.

बुलेटची डुगडुग डोक्यातून काढून टाका. हिचा सायलेन्सर म्हणजे कर्ण्यासारखा उघडा भोंगा. खालच्या फेऱ्यांना ती रुसते, खोकते, पुढे जायचं नाव घेत नाही. कार्ब्युरेटर असा की एका जागी शांत उभी राहायला तयार नसते, सारखं मनगट हलवत राहावं लागतं. पण काटा पाच हजारांच्या वर गेला की भोंगा आणि इंजिन यांचं एकदम जमतं आणि आवाज जाड होतो, फाटतो, कापड टराटरा फाडावं तसा. आजोबा धावपट्टीच्या टोकापर्यंत गेले, ठिपका झाले. मग आवाजच ऐकू येईना. जावई माझ्याकडे बघायला लागला, मी जावयाकडे. तेवढ्यात परत आले. उतरल्यावर काही बोलले नाहीत. वाकून उजवा बूट बघितला. तेलाने भिजलेला होता.

---

वाचनमात्र | बुधवार, सकाळी ९:४४

दहा वर्षांत पहिला प्रतिसाद देतोय. बूट! 👏

---

शंकासुर | बुधवार, दुपारी १२:१०

प्रसंग सुंदर. पण इतकी चांगली गाडी होती तर कंपनी का बुडाली? आपण साहेबाच्या गाड्यांचं जरा जास्तच कौतुक करतो असं नाही वाटत?

---

बर्मिंगहॅमचा_बाळ्या | बुधवार, रात्री १०:१५

कौतुक करतोच, आणि बुडाली तीही तिच्याच कर्माने. चार सिलिंडरचं इंजिन करायचं ठरलं होतं, ते कधी ट्रॅकवर आलंच नाही. ड्यूक १९५३ला गिलेराकडे गेला. १९५४ संपताना कंपनीने स्वतःचा खास रेसचा ताफा बंद केला. पुढे मँक्स टिकली ती खाजगी माणसांच्या जिवावर. १९६१मध्ये माइक हेलवुड नावाच्या २१ वर्षांच्या पोराने सीनिअर टीटी जिंकली, सरासरी शंभर मैलांच्या वर, आणि गाडी होती एका सिलिंडरची मँक्स. पुढे होती ती एमव्ही ऑगस्टा बंद पडली हे खरं, पण पुढची बंद पडेपर्यंत मागचीने टिकावं लागतं. त्याच आठवड्यात त्याच पोराने १२५ आणि २५० या शर्यती होंडावर जिंकल्या होत्या. आता मागे वळून बघताना दिसतं की वारा कुठून येतोय ते त्या एका आठवड्यातच कळायला हवं होतं. नॉर्टनला पुढची सीनिअर टीटी मिळायला १९९२ उजाडलं.

मँक्सने शेवटची ग्रां प्री जिंकली १९६९मध्ये, युगोस्लाव्हियात, तिचं उत्पादन बंद होऊन सात वर्षं झाल्यावर.

आणि आता नॉर्टन हे नाव कोणाचं आहे? २०२०पासून टीव्हीएसचं. एप्रिलमध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, दीड कोटी पौंडांच्या थोड्या वर रकमेत घेतलं. बीएसए ही बर्मिंगहॅमचीच दुसरी जुनी मोटरसायकल कंपनी, ती तर त्याआधीच, २०१६ला, मुंबईच्या महिंद्रांच्या कंपनीने घेतली. मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले आणि म्हणाले, चला, आता तरी तेल गळायचं थांबेल.

---

रांगडा_कोल्हापूर | गुरुवार, सकाळी ६:३०

काय राव, लई दिसांनी असा धागा वाचला. आमच्या आज्याची एक नॉर्टन हाय शेतावर, गोठ्याच्या मागं. युद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतल्याली. हिरवा रंग अजून सीटखाली दिसतोय. आजा तिच्यावर गुळाच्या ढेपा घेऊन बाजारात जायचा. रेस-बिस काय न्हाई. इंजिनावर आधी डब्ल्यू आणि मग आकडे हायत. ही पण मँक्सच्या घरातली का?

---

बर्मिंगहॅमचा_बाळ्या | गुरुवार, सकाळी ७:०५

भाऊ, डब्ल्यू म्हणजे लष्कराची, १६एच असणार. युद्धात नॉर्टनने एक लाखाच्या आसपास बनवल्या. साइड व्हॉल्व्हचं साधं इंजिन, बैलासारखं. पण घरातलीच आहे, दूरची नव्हे. १६एचचं बोअर-स्ट्रोक ७९ बाय १००, म्हणजे ४९० सीसी. आणि नॉर्टनचं पहिलं वरच्या कॅमचं रेसचं इंजिन, १९२७ची टीटी जिंकणारं, त्याचंही माप तेच, ७९ बाय १००. गुळाच्या ढेपा वाहणारी आणि टीटी जिंकणारी, दोघींच्या पिस्टनची चाल एकच.

कृपा करून तिला रंग देऊ नका, भंगारवाल्याला दाखवू नका, आणि एकदम किक मारू नका. आधी प्लगमधून थोडं तेल सोडा, आठ दिवस तसंच राहू द्या, मग हाताने फिरते का बघा.

---

लेथवाला | गुरुवार, सकाळी ८:१५

बाळ्या, तुमच्या आजोबांना एक विचारा. खालच्या बेव्हलच्या जोडीचं ड्रॉइंग मिळेल का? विकायचं नाही. रिटायर झालोय, घरी छोटा लेथ आहे, गिअरच्या दातांचे सारखे भाग पाडायला डिव्हायडिंग हेड आहे. दात पाडता येतात का बघतो.

---

बर्मिंगहॅमचा_बाळ्या | गुरुवार, रात्री ११:५०

आत्ताच तिकडून आलो. विचारलं. हाताने काढलेलं ड्रॉइंग आहे, १९७०च्या दशकातलं, फोटो काढून पाठवायला हरकत नाही म्हणाले. मापं सगळी इंचात. त्यांनी उलट विचारलंय की भारतातल्या त्या गृहस्थांकडे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाचे, पाने आहेत का, कारण मिलिमीटरच्या पान्याने कोणी नट गोल केले तर त्यांना झोप येणार नाही.

---

लेथवाला | शुक्रवार, सकाळी ६:४५

सांगा त्यांना, आहेत. पूर्ण सेट. आमच्या जुन्या वर्कशॉपच्या लिलावात किलोवर घेतला होता. पान्यावर लिहिलेलं माप बोल्टच्या जाडीचं असतं, तोंडाचं नव्हे, हेही मला माहीत आहे म्हणावं. निवांत झोपा.

---

रांगडा_कोल्हापूर | शुक्रवार, सकाळी ७:०२

काका, ते पाने मला पण लागणार. भोसरीला कधी येऊ?